डिफॉल्ट उत्तर: नाही

पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. मुरबाड तालुक्यातलं हे गाव एरवी शांत असतं, पण यात्रेच्या दिवसांत मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. घोंगड्या, भांडी, पाळणे, मिठाई आणि बैल. बैलबाजार ही म्हशाची खरी ओळख. गेल्या काही वर्षांत या बाजारात एक नवी गोष्ट दिसते. बैलांच्या कानात पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडे. राज्यात 1 जून 2024 पासून बिल्ल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करायला बंदी आहे. मालक बदलला की ‘भारत पशुधन’ प्रणालीत नोंद बदलायची.

तो बिल्ला बघून मला लगेच एक टाळीचं वाक्य सुचलं. बैल कुठे गेला हे सरकारला कळतं, पण दिवाळीनंतर इथल्या वाड्यांतून भिवंडीच्या वीटभट्टीवर गेलेलं पोर कुठे आहे, हे कळत नाही. स्टेटसला टाकलं असतं तर शंभर लाइक सहज मिळाले असते. टाकलं नाही, कारण दोन गोष्टी आडव्या आल्या. पोराच्या कानात असा बिल्ला असावा असं मला खरंच वाटतं का, हे मला ठरवता येईना. आणि दुसरं म्हणजे, ते पोर कुठे आहे हे न कळण्यात माझाही थोडा हात आहे.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरीबाहेर, हौसेनं म्हणा किंवा गावाचं देणं म्हणून म्हणा, मी एका छोट्या संस्थेला सर्वेक्षणाचं अॅप करून दिलं होतं. संस्थेचे कार्यकर्ते मुरबाड-शहापूरच्या वाड्यांमध्ये घरोघरी जाऊन माहिती भरणार होते: रेशनकार्ड आहे का, जातीचा दाखला आहे का, पाणी कुठून आणता. एकोणिसाव्या क्रमांकाचा प्रश्न होता, ‘घरातलं 14 वर्षांखालचं मूल काम करतं का?’ उत्तरासाठी होय-नाहीचा ड्रॉपडाउन. फॉर्म लांब होता, कार्यकर्ते कंटाळायचे, म्हणून मी काही प्रश्नांना डिफॉल्ट उत्तर देऊन ठेवलं, म्हणजे तेवढी बोटं वाचतील. एकोणिसाव्या प्रश्नाचं डिफॉल्ट उत्तर मी ‘नाही’ ठेवलं. त्यामागे काही विचार नव्हता. ड्रॉपडाउनमध्ये आधी काहीतरी दिसायला हवं, एवढंच.

माहिती आली तेव्हा ‘होय’ बोटांवर मोजता येतील इतके निघाले. अहवालात वाक्य गेलं की या वाड्यांमध्ये बालमजुरी जवळजवळ नाही. ते वाक्य मी लिहिलं नव्हतं, पण त्या वाक्याचा खरा लेखक मीच.

प्रोग्रामिंग शिकताना पहिल्या वर्षातच एक गोष्ट डोक्यात भरवतात: शून्य वेगळं आणि नल वेगळं. शून्य म्हणजे मोजलं आणि काही सापडलं नाही. नल म्हणजे मोजलंच नाही, माहीत नाही, चौकट रिकामी आहे. खात्यात शून्य रुपये असणं आणि खातंच नसणं यात जो फरक, तोच. मी नलला शून्य करून टाकलं होतं. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही, आणि माझ्या डेटाबेसनं ठामपणे सांगितलं की नाही.

मला हे लगेच खटकायला हवं होतं, कारण चौथीत बस्करपट्टीवर माझ्या शेजारी बसणारा मुलगा दर वर्षी दिवाळीनंतर गायब व्हायचा. तो कातकरवाडीतला. सहामाही परीक्षा देऊन जायचा तो आंबे पिकायला लागल्यावर परत यायचा. तळहात खरखरीत झालेले असायचे. आम्ही त्याला विचारायचो, कुठे गेलेलास? तो म्हणायचा, भट्टीला. आम्हाला त्यात काही विशेष वाटायचं नाही. काही जण मामाच्या गावाला जातात, काही जण भट्टीला.

तो नसताना गुरुजी त्याची हजेरी लावायचे. हे मला पक्कं आठवतं, कारण नाव पुकारल्यावर क्षणभर थांबून ते पुढच्या नावाकडे वळायचे आणि पेन मात्र हललेलं असायचं.

या भागात न राहिलेल्यांसाठी थोडं सांगतो. भातकापणी झाली की इथल्या कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबांना गावात काम उरत नाही. भट्टीचा शेठ किंवा त्याचा मुकादम पावसाळ्यातच बयाणा देऊन ठेवतो. लग्न, आजारपण, गणपती, जे काही असेल त्यात तो संपतो. दिवाळीनंतर ट्रक येतो आणि चूल, भांडी, कोंबड्या, पोरं असं सगळं बिऱ्हाड त्यात चढतं. भट्टीजवळ पेंढा-पत्र्याची खोप घालायची, तिला भोंगा म्हणतात. मजुरी हजार विटांच्या हिशेबानं ठरते. दर आठवड्याला बाजारासाठी खर्ची मिळते, आणि मे अखेरीस हिशेब होतो. बयाणा आणि खर्ची वजा जाता पैसे निघाले तर निघाले, नाहीतर ‘अंगावर’ राहतात आणि पुढच्या हंगामात फेडायचे. 1976च्या कायद्यानं वेठबिगारी संपली, असं आपण नागरिकशास्त्रात वाचलेलं असतं.

आता यात मूल कुठे आहे बघा. मजुरी विटांची, माणसांची नाही. शेठच्या वहीत बापाचं नाव असतं, फार तर जोडप्याचं. पहाटे ओल्या विटा ओळीनं पाडलेल्या असतात. ऊन चढलं की त्या उलटून उभ्या करायच्या, म्हणजे दुसरी बाजू सुकते. हे काम मुलांचं. हात लहान असतात, वाकायला त्रास नसतो. दिवसाच्या हजार विटांत त्या हातांचा वाटा असतो, पण कोणी त्याला मजूर म्हणत नाही, शेठ नाही आणि आईबापही नाहीत. मग कार्यकर्त्यानं दारात उभं राहून विचारलं, ‘मूल काम करतं का?’, तर आई काय सांगणार? नाही. ती खोटं बोलत नसते. तिच्या भाषेत काम म्हणजे ज्याचे पैसे मिळतात ते.

आणि समजा ती ‘हो’ म्हणाली. पुढे काय? हा कागद कुठे जाणार, उद्या पोलीस येणार का, शेठ हाकलणार का, अंगावरचे पैसे कोण फेडणार? विचारणाऱ्याकडे या एकाही प्रश्नाचं उत्तर नसतं. ‘नाही’ हे तिच्यासाठीही सुरक्षित डिफॉल्ट आहे.

माझं अॅप ही छोटी गोष्ट. पण नंतर मी वाचत गेलो तसं दिसलं की मोठ्या यंत्रणाही याच जागी अडखळतात. आपल्या जनगणनेत 5 ते 14 वयोगटातली काम करणारी मुलं 2001 साली सुमारे 1 कोटी 26 लाख होती आणि 2011 साली सुमारे 1 कोटी 1 लाख. घट झाली हे खरंच असावं, शाळा वाढल्या, पोषण आहार आला. पण 2011ची गणना झाली 9 ते 28 फेब्रुवारी या दिवसांत. माझ्या मित्राचं घर फेब्रुवारीत कुलूपबंदही नसतं, कारण कुलूप लावण्यासारखं दार नसतं. नियमाप्रमाणे त्याची मोजणी भट्टीवर व्हायला हवी. तिथे प्रगणक भोंग्यांपर्यंत चालत गेला का, आणि गेला तर बापानं काय सांगितलं, यावर सगळं अवलंबून. त्यातही जनगणना सहा महिन्यांची रेष ओढते. वर्षात 183 दिवस किंवा जास्त काम केलं तर ‘मुख्य’ काम करणारा, कमी केलं तर ‘सीमान्त’. भट्टीचा हंगाम साधारण या रेषेच्या आसपासच संपतो. म्हणजे अवकाळी पाऊस लवकर आला तर मूल एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातं.

त्यानंतरची जनगणना 2021ला व्हायची होती, ती झालीच नाही. आता 2027च्या फेब्रुवारीत आहे, पहिल्यांदाच मोबाइल अॅपवर. पुन्हा फेब्रुवारी. त्या अॅपमध्ये कामाच्या प्रश्नाला डिफॉल्ट काय असेल, हा विचार मला अधूनमधून झोपू देत नाही. माझ्या मित्रांना हा विनोद वाटतो.

दरम्यानचा आधार म्हणजे 2017 पासून होणारं श्रमबलाचं राष्ट्रीय सर्वेक्षण. त्यात प्रत्येक माणसाच्या वर्षभराच्या मुख्य स्थितीला एक सांकेतिक क्रमांक देतात. शिकणाऱ्याला 91, फक्त घरकाम करणाऱ्याला 92, घरकामासोबत सरपण-चारा गोळा करणाऱ्याला 93, आणि कशातच न बसणाऱ्याला 97. शिकत असलेल्यानं तीस दिवस किंवा जास्त काम केलं तर दुय्यम स्थितीत त्याची नोंद करायची सोय आहे. सोय चांगली आहे. पण उत्तर घरातला मोठा माणूस देतो, आणि मुलाचं नाव शाळेच्या पटावर आहे तोवर त्याचं पहिलं आणि शेवटचं उत्तर 91 असतं. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी भोंग्यात बसून राहिलेली मुलगी तर यात आणखी पुसट होते. तिच्यामुळे आईचे हात मोकळे होतात, विटा पडतात, आणि तिच्या नावापुढे फार तर 92 पडतो.

जगाच्या पातळीवर देशोदेशीचे आकडे एकत्र करायचे तर आधी ‘बालमजूर’ कोणाला म्हणायचं ते ठरवावं लागतं. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यासपीठावर सांख्यिकीतज्ज्ञांनी 2008 साली व्याख्येचा ठराव केला. मोजताना तास धरतात: 5 ते 11 वर्षांच्या मुलानं आठवड्यात एक तास जरी आर्थिक काम केलं तरी तो मोजायचा, 12 ते 14च्या मुलासाठी 14 तास, आणि त्याच्यावर धोकादायक काम. घरकामही धरलं तर त्याला 21 तासांची मर्यादा. वय 17 पर्यंत. आपला कायदा आणि जनगणना 14च्या आसपास थांबतात. त्यामुळे जगाच्या तक्त्यात आपला आकडा ठेवला की तो वेगळ्याच मापानं मोजलेला असतो. जगाचे अंदाज असे: 2000 साली 24 कोटी 60 लाख, 2020 साली 16 कोटी, 2024 साली 13 कोटी 80 लाख. बालमजुरी 2025 पर्यंत संपवू असं सगळ्या देशांनी लिहून दिलं होतं. ते वर्ष आलं आणि गेलं.

एक गंमत, गंमत म्हणावी की नाही कळत नाही. अमेरिकेचं श्रम खातं बालमजुरी आणि सक्तीची मजुरी यांतून तयार होणाऱ्या वस्तूंची यादी काढतं. तिच्यात भारतातल्या विटा आहेत. म्हणजे वॉशिंग्टनला जे दिसतं ते मुरबाडच्या वाड्यांवर फिरून केलेल्या आमच्या सर्वेक्षणाला दिसलं नव्हतं. ते हुशार आहेत असं नाही. त्यांना विटेवरून मागे जायचं होतं. आम्ही घराच्या दारात उभे होतो आणि घरात कोणी नव्हतं.

आता माझ्या अडचणीच्या मुद्द्यावर येतो. व्याख्या काटेकोर केली तर मी स्वतः कोण होतो? जुलैत आवणीला शाळेतून दोन-दोन आठवडे मीही शेतात असायचो. नऊ वर्षांचा होतो, गुडघाभर चिखलात राब ओढायचो, कंबर मोडायची. आठवड्याला एक तास? मी दिवसाला सहा तास केले आहेत. आंतरराष्ट्रीय मापानं मी बालमजूर. 2016च्या दुरुस्तीनंतरच्या भारतीय कायद्यानं कदाचित नाही, कारण शाळेनंतर किंवा सुट्टीत घरच्या कामाला मदत करायला कायद्यात मुभा आहे. (शाळा बुडवून केलेल्या मदतीला ती नाही, पण आवणीच्या दिवसांत आमचे गुरुजीही स्वतःच्या शेतावर असायचे.) मला ते दिवस आवडायचे, हे खरं. पण ‘मला आवडायचं’ हे मी आज एसीत बसून म्हणतो आहे, आणि म्हणू शकतो कारण त्यानंतर मी शाळेत परत गेलो. माझ्या मित्राला काही आवडायचं की नाही, हे मी त्याला कधी विचारलंच नव्हतं.

म्हणून त्या कायद्यातल्या सवलतीबद्दल माझं मत दोन्हीकडे झुकतं. ती काढली तर माझे वडील गुन्हेगार ठरतात. ठेवली तर भट्टीवरचा मुकादम सांगतो, पोरं आईबापाला हातभार लावतात. शेठची भट्टी हा कुटुंबाचा उद्योग होत नाही, हे कायद्याला कळतं. पण ते कोणीतरी तिथे जाऊन पाहिलं तरच.

आम्ही पाहायला गेलो. अहवाल निघाल्यावर मी संस्थेकडे डिफॉल्टची चूक कबूल केली. तिथल्या ताईंनी रागवायच्या ऐवजी विचारलं, जानेवारीत सुट्टी मिळेल का? मग आम्ही चौघं भिवंडीच्या बाजूला काही भट्ट्यांवर गेलो, नवा फॉर्म घेऊन. होय-नाही काढून टाकलं होतं. मूल समोर असेल तर मुलालाच विचारायचं, काल उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय केलंस? ते सांगेल तसं लिहायचं. तास आम्ही नंतर काढणार. उत्तर मिळालं नाही तर चौकट रिकामी ठेवायची, आणि रिकामी ठेवली याचं कारण लिहायचं. आईबापांना आम्ही शब्द दिला होता की नाव कुठे जाणार नाही. जनगणनेला असं संरक्षण 1948च्या कायद्यानं दिलेलं आहे, तिथली नोंद कोर्टात पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. आमच्याकडे नुसता शब्द होता.

तिसऱ्या भट्टीवर एक मुलगी होती, आठेक वर्षांची असेल. ती बोलत होती आणि विटा उलटत होती, हात थांबत नव्हते. तिच्या डाव्या पायाला चिंधी बांधली होती आणि चिंधीवर माशा बसत होत्या. मी पूर्ण दिवस लिहून घेतला. हिशेब केला तर नऊ तास निघाले. माझ्या खिशात फोन होता आणि 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर मला पाठ आहे.

मी फोन केला नाही. शब्द दिला होता, हे एक कारण. फोन केला तर काय होईल, याची जी कल्पना मला होती ती दुसरं. धाड पडली तर मुलगी बालगृहात, आईबाप भट्टीबाहेर, बयाणा अंगावर. पुढच्या वर्षी ते आणखी दूरच्या भट्टीवर जातील, जिथे आमच्यासारखे कोणी पोचणार नाहीत. आणि आमच्या फॉर्मवर पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही. ही सगळी कारणं मला तेव्हा पटली होती. आजही पटतात. पण 2022 साली इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं प्रकरण एका मुलीचा जीव गेल्यावर राज्याला कळलं. त्याआधी त्या मुलांना कोणीतरी, कुठेतरी, काम करताना पाहिलंच असणार. पाहणाऱ्याकडेही कारणं असतील, माझ्यासारखीच पटणारी.

ताईंनी तिच्या पायाला मलम लावलं, औषधाचे पैसे दिले आणि आठवड्यानं परत जाऊन पाय बघून आल्या. मी गेलो नाही, माझी सुट्टी संपली होती. मोजून निघून येणारा आणि परत जाणारा यांत फरक आहे, हे मला तेव्हा कळलं. याच जिल्ह्यात नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेनं भट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या. भट्टीवर शाळा काढायची तर तिथली मुलं आधी शोधावी लागतात, म्हणजे गणती आलीच. पण ती गणती करणारा माणूस दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन येणार असतो. त्याला ‘पुढे काय?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागत नाही. देशांनी आपापले आकडे एकमेकांना द्यावेत, व्याख्या एक करावी, हंगाम बघून मोजावं, हे सगळं हवंच. मी स्वतः त्या कामाला लागेन. पण जिच्या दिवसाचे नऊ तास मी तक्त्यात भरले, तिला त्या बदल्यात काय मिळालं, याचा रकाना मला कोणत्याच प्रश्नावलीत सापडलेला नाही, माझ्या नव्या फॉर्ममध्येही नाही.

यात्रेच्या दिवशी आमचे गुरुजी भेटले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. चहा घेताना मी त्यांना त्या हजेरीबद्दल विचारलं. आधी ते हसले, मग गंभीर झाले. म्हणाले, “गैरहजेरी लावली असती तर वर्षअखेर नाव कमी करावं लागलं असतं. मग जूनमध्ये तो परत आला नसता. बाप म्हणाला असता, नाव नाही तर जातोस कशाला?” थोड्या वेळानं त्यांनीच जोडलं, “आणि पट कमी झाला असता तर एक शिक्षक गेला असता. बहुधा मीच.”

मला ऑक्टोबर 2011 आठवला. सगळ्या राज्यात तीन दिवस पटपडताळणी झाली होती. मी नववीत होतो, बोटाला मतदानासारखी शाई लागली म्हणून आम्ही खुशीत होतो. दिवाळी त्या महिन्याच्या अखेरीला होती. म्हणजे भट्टीला जाणारी सगळी पोरं त्या तीन दिवसांत वर्गात हजर होती. बोटाला शाई लागली, खरी ठरली, आणि महिन्याभरात ट्रकमध्ये चढली.

गुरुजींनी केलं ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांच्या पेनानं माझ्या मित्राचं नाव शाळेत ठेवलं. त्याच पेनानं सहा महिन्यांची त्याची मजुरी पुसून टाकली. माझ्या ‘नाही’नंही पुसलंच, पण माझ्या ‘नाही’नं कोणाचं काही वाचलं नाही, एवढा फरक मला दिसतो.

तो मित्र आता कल्याणला टेम्पो चालवतो. त्याला फोन करून मी सगळं सांगितलं, अॅप, डिफॉल्ट, गुरुजी, विटा. त्यानं शांतपणे ऐकलं. मग मी विचारलं, तेव्हा कोणी येऊन तुला विचारलं असतं, तू काम करतोस का, तर काय म्हणाला असतास?

“नाहीच म्हणलो असतो.”

“का?”

“बा बाजूलाच असायचा ना.” मागे हॉर्न वाजत होते. त्याला सिग्नल सुटला होता. “संध्याकाळी कर फोन, मुलीच्या शाळेचं एक विचारायचंय तुला.”